तिसऱ्या अंतऱ्यातली ढोलकी

आमगाव, जि. गोंदिया
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. चंचल हिला,

अनेक आशीर्वाद. तुला तुमच्या रीतीने जय सेवा, आणि आमच्या घरून तुम्हा सगळ्यांना जय भीम. तुझ्या आईबाबांची प्रकृती बरी असेल अशी आशा करतो. इकडे हलका धान कापून झाला, भारी अजून उभा आहे. मी राईस मिलमध्ये मशीनवर असतो. हंगाम सुरू झाल्यापासून अंगावर, कानात, घशात कोंडाच कोंडा. बाकी ठीक.

तू मला ओळखत नाहीस. मी स्नेहलचा बाप, शालिकराम रंगारी. गेल्या डिसेंबरात तू तिला तुझ्या आजोबांची कॅसेट पाठवली होतीस, त्या पाकिटावरून तुझा पत्ता उतरवून घेतला. फोन सोडून कागद काऊन, असं तुला वाटेल. तुझा फोन बंद लागतो, आणि बुधवारपासून पाठवलेल्या निरोपांवर एकच टिक आहे.

आधी कामाचं. तुझ्या सिकलसेलच्या रोजच्या गोळ्या आजपासून पुन्हा सुरू कर. ही ओळ वाचलीस की पत्र खाली ठेव आणि गोळी घे. पाय अजून दुखत असेल तर बाबांना सोबत घेऊन दवाखान्यात जा, घरी अंगावर काढू नको. पाणी भरपूर पी. उरलेलं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल. नाही वाचलंस तर माझ्यासाठी जास्तच बरं.

स्नेहलने गोळ्या बंद केल्या आणि तिचं दुखणं थांबलं, असं तुला सप्टेंबरात कळवलं होतं. ते खोटं आहे. ते तिने लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं.

हे लिहून झालं, आता पुढे कसं जावं ते कळत नाही. स्नेहलसारखं लिहिणं मला जमायला लागलं होतं. माझ्यासारखं लिहायला बसलो तर पेनच चालत नाही.

खरं सांगतो, तुमच्या त्या 'कॅसेटची दुसरी बाजू' ग्रुपची मला पहिल्यापासून चीड होती. गाणं ऐकावं, मान हलवावी, कामाला लागावं. त्यावर चार-चार पानं लिहायची, मग पन्नास जणांनी त्या चार पानांवर भांडायचं, हे सगळं मला उंटावरच्या शहाण्यांचं काम वाटे. आमच्या पोरीला मात्र तेच खाणं आणि तेच पिणं. पाय ठणकायला लागले की गुडघ्याखाली शेकायची पिशवी, कानात गाणं, आणि फोनवर अंगठ्याने टकटक टकटक. मी ओरडलो की लीलाबाई, म्हणजे तिची आई, मध्ये पडायची. "लिवू द्या जी तिले. लिवते तवा कण्हत नाई." तेही खोटं नव्हतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात वर्गात कमी आणि खाटेवर जास्त राहिली पोरगी, पण त्या खाटेवरून तिने सेहेचाळीस लेख लिहिले. मी सगळे वाचले आहेत. ती होती तेव्हा एकही वाचला नव्हता.

बघ, निसटलंच.

आधी गाण्याचं लिहितो, म्हणजे हात चालू राहील. तुला ते पाठ आहे, तरी लिहितो. 'अनुसयाबाई व पार्टी', एकतीस वर्षांपूर्वीची कॅसेट, दुसरी बाजू, तिसरं गाणं. आमच्या घरच्या पेटीत पडून होती, स्नेहलनेच ती शोधून तुमच्या ग्रुपवर चढवली. बाई नाल्याच्या अलीकडे उभी आहे. नवरा बांबू तोडायला पल्याड गेलेला, मध्येच पूर चढला, आणि ती त्याला हाका मारते. पहिल्या अंतऱ्यात घरातले तांदूळ संपल्याचं सांगते. दुसऱ्यात लेकरू चालायला लागल्याचं सांगते. तिसऱ्यात काहीच सांगत नाही, तीनदा नुसतं 'ये' म्हणते, आणि तीनही वेळा ढोलकी समेवर पडत नाही. अख्खी थाप गायब. मग काही झालंच नाही अशी पुढे चालू.

त्या गायब थापेवर तुम्ही लोकांनी दोन महिने काढले! नागपूरचा तो बंटी म्हणे, टेप ताणली गेली असेल. कोणी म्हणे, वाजवणारा नवशिका होता. तू लिहिलंस, वाजवणाऱ्याचा हात वर राहिलेला मला ऐकू येतो. स्नेहलने तुझं उचलून धरलं आणि पुढे लिहिलं, ही जागा विसरलेली नाही, कोणासाठी तरी ठेवलेली आहे, पण कोणासाठी ते मला सापडत नाही. जानेवारीच्या शेवटी हे लिहिलं तिने. तो तिचा सेहेचाळिसावा लेख.

स्नेहल दोन फेब्रुवारीला गेली. छातीत दुखायला लागलं, ताप चढला, श्वास पुरेना, आणि तिसऱ्या दिवशी संपलं. एकवीस पूर्ण व्हायला पाच आठवडे बाकी होते.

हे वाक्य मी नऊ महिन्यांत पहिल्यांदा कागदावर लिहिलं. गावात सगळ्यांना माहीत आहे, तिथे लिहायची गरज नव्हती. माहीत नव्हतं ते फक्त तुम्हाला.

तिचा फोन लीलाबाई रोज चार्ज करून ठेवायची. कायले ते मी विचारलं नाही. तो वाजत राहायचा. स्नेहल कुठे आहेस, स्नेहल परीक्षा आहे का, स्नेहल रागावलीस का. मार्चात एका संध्याकाळी मिलमधून आलो आणि उघडून पाहिला. तुम्ही अजून त्याच थापेवर भांडत होता. आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं. तुमच्या दोनशे अकरा माणसांत कोणालाच माहीत नव्हतं, आणि मला होतं, कारण मी बारा वर्षं दंडारीच्या नाचगाण्याच्या खेळात ढोलकी वाजवली आहे. आमच्या मंडळीची रीत होती. बाईचं सोंग घेतलेला गडी हाक मारायला लागला की ढोलकीवाल्याने समेवर हात उचलायचा. ती थाप त्याची नाही, नाचणाऱ्यांच्या पायांची. दहा-बारा जणांची रांग घुंगरासकट जमिनीवर एकदम पाय मारायची, की समोर बसलेल्या बायांची लेकरं झोपेतून उठत. कॅसेटच्या वेळी गोंदियात चहाच्या दुकानावरच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून रेकॉर्डिंग झालं. पायांचा आवाज नको म्हणून नाचणाऱ्यांना खाली बसवून ठेवलं होतं. ढोलकीवाल्याचा हात सवयीने उचलला गेला. पाय नव्हतेच.

हे मी टाईप केलं. एक तास लागला. खाली नाव आपोआप तिचं आलं.

आणि तुम्ही सगळे वेडे झालात. 'स्नेहल, परत आलीस!' बंटीने तर दंडवताची चित्रंच टाकली. तू लिहिलंस, मी हे वाचून अर्धा तास रडले, कुठून शोधलंस गं? मी काय लिहिलं असेल? 'बाबांना विचारलं.' त्यावर तुझं उत्तर आलं, 'तुझे बाबा किती भारी आहेत.'

चंचल, तिथेच थांबायला पाहिजे होतं. एका ओळीचं काम होतं. पण मी तुझी ओळ चार वेळा वाचली, मग लीलाबाईला वाचून दाखवली. ती चूल सोडून उठून आली. तिने विचारलं, "तिचे लोक अजून काय म्हनतेत?"

मग ते रोजचंच झालं. मिलमधून यायचं, अंगावरचा कोंडा धुवायचा, आणि फोन घेऊन बसायचं. लीलाबाई चहा घेऊन शेजारी. मी तिच्या सेहेचाळीस लेखांवरून तिची वळणं उचलली. ती वाक्य अर्धं सोडून पुढे तीन टिंबं द्यायची, मीही देऊ लागलो. तू दोनदा फोन केलास, तर मी लिहिलं की आमच्याकडे रेंज नसते. आमगावात रेंज नसते हे तुला खरं वाटलं, तू जंगलातल्या दरेकश्याची म्हणून.

आणि आता जे लिहितो ते माझ्या बायकोलाही बोललो नाही. मला मजा यायची. पोरीच्या आठवणीसाठी केलं, असं कोणी म्हणालं तर मी मान डोलावीन, पण ते अर्धंच. मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं की शालिकराम, ही थाप अशी काऊन, तो ठेका तसा काऊन. तुम्ही विचारत होता. मी सांगत होतो आणि तुम्ही वाहवा करत होता. एकदा बंटीच्या एका ओळीवर मी इतका मोठ्याने हसलो की शेजारचा केवलराम दारात येऊन उभा राहिला. घरात मूल गेलेलं, आणि बाप हसून राहिला. तो मान खाली घालून गेला.

तुझ्याशी तर मी एकोणीस दिवस भांडलो. गाण्यातल्या त्या बाईला माहीत आहे का, नवरा पुरात गेला ते? मी म्हटलं नाही, माहीत असतं तर हाका कशाला मारेल. तू लिहिलंस, ज्याला माहीत नसतं तो बातम्या सांगतो, तांदूळ संपले, लेकरू चालायला लागलं. ज्याला माहीत असतं तो नुसती हाक मारतो. त्यावर मी फार कडू उत्तर दिलं होतं, आठवतं? तुला वाईट वाटलं असेल. तुझं बरोबर होतं. म्हणूनच राग आला.

आता गोळ्यांचं. तू वैयक्तिक लिहायचीस ते मी टाळायचो. स्नेहल, दुखतं का गं? तुलाही त्या कॅप्सूलने मळमळतं का? मार्चपासून तू दुखण्याचं काहीच लिहीत नाहीस, बरी आहेस ना? दोघींचं एकच दुखणं, तुम्ही एकमेकींना ते सांगत असाल हे मला आधी ठाऊकच नव्हतं. दोन वेळा उत्तर दिलं नाही. तिसऱ्यांदा, बावीस सप्टेंबरला, तू पुन्हा विचारलंस. मला त्या विषयातून बाहेर पडायचं होतं, गाण्याकडे परत यायचं होतं. मी लिहिलं, 'गोळ्या बंद केल्या. आता काही दुखत नाही. तू तिसऱ्या अंतऱ्यावर लिही...' तीन टिंबं द्यायला विसरलो नाही.

तू लिहिलंस, 'खरंच? वा!' आणि मी सुटलो असं मला वाटलं.

बुधवारी तुझा निरोप आला. 'मीपण दीड महिन्यापासून सोडल्यात. तुझ्यासारखीच. कालपासून पाय दुखतोय, पण जाईल.' मी तो रोजच्यासारखा मोठ्याने वाचत होतो, लीलाबाई शेजारी बसली होती. तिला वाचता येत नाही, पण ऐकलेलं ती विसरत नाही.

"तिनं गोळ्या कायले सोडल्या?"

मी फोन पालथा ठेवला.

"तुमी काय लिवलं होतं तिले?"

मी सांगितलं. तिने चहाचा कप माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "एक पोरगी गेली, तवा आपला इलाज नव्हता. हे दुसरी कायले मारून राहिले तुमी?" तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. भाकर समोर ठेवते आणि आत जाते.

मी लगेच तुला लिहिलं, गोळ्या सुरू कर, दवाखान्यात जा. एकच टिक. फोन लावला, बंद. लीलाबाई त्यानंतर एकदाच बोलली, तिच्या घरी जा. मी म्हटलं, पत्र लिहितो. त्याला चार दिवस लागले. उद्या सकाळी टाकतो.

तुझा हितचिंतक म्हणवत नाही,
शालिकराम रंगारी


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चंचल,

पत्र सोमवारी टाकलं नाही. मंगळवारीही नाही. शर्टाच्या खिशात होतं. सोमवारी पोस्टाच्या पेटीपाशी उभा राहिलो होतो. मनात आलं, हे तू वाचलंस की स्नेहल तुझ्यासाठीही संपेल. तू बंटीला सांगशील, बंटी सगळ्यांना सांगेल, दोनशे अकरा ठिकाणी ती पुन्हा जाईल. आणि संध्याकाळी मला कोणी काही विचारणार नाही. हे दुसरं आधी मनात आलं, की पहिलं, ते आता सांगता येत नाही.

बुधवारी लीलाबाईने शर्ट धुवायला घेतला आणि खिशात पाकीट लागलं. तिने ते माझ्यापुढे धरलं. काल मी मिलमध्ये सुट्टी टाकून गाडीत बसलो. पाऊण तासाचा रस्ता आहे गं. मी चार दिवस पत्र लिहीत बसलो आणि चार दिवस खिशात घेऊन फिरलो, आणि रस्ता पाऊण तासाचा.

दरेकसा स्टेशनवरून तुझ्या टोल्याच्या वस्तीपर्यंत विचारत विचारत आलो. तुमच्या दाराला कुलूप. अंगणात धान वाळत टाकलेला, त्यात कोंबड्या शिरलेल्या, हाकलायला कोणी नाही. शेजारच्या दुर्पताबाई बाहेर आल्या.

"मनीरामकडे आले काय जी? कोनी नाही घरी. पोरीले दवाखान्यात नेलं, सोमवारच्या सकारी. दोन रोज वरडून राहिली होती. मंग खाटेवर टाकून ठेसनापर्यंत नेलं चौघांनी."

सोमवारची सकाळ. मी तेव्हा पोस्टाच्या पेटीपुढे उभा होतो.

"तुमी कोन गावचे?"

म्हटलं, "आमगावचा. चंचलच्या मैत्रिणीचा बाप. स्नेहलचा."

त्या बाईचा चेहरा एकदम फुलला. "आवो माय! ते स्नेहल काय? बिनगोळीची बरी झाली म्हने, तीच ना? आमची चंचल रोज तिचं नाव घेये. तिच्या मायले सांगे, पाह्य वो, स्नेहलले आता काहीच दुखत नाई, मीबी बरी होतो." मग जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कोनती जडीबुटी देल्ली जी तुमी पोरीले? आमच्या नातीलेबी सिकल हाय. सांगा ना."

मी म्हटलं, "काही दिलं नाही बाई. नातीच्या गोळ्या बंद करू नका. कोणी काही सांगो, बंद करू नका."

"मंग ती बरी कशी झाली?"

मी म्हटलं गाडीची वेळ झाली. आणि निघालो. दोन तास गाडी नव्हती. त्या बाईला तोंडावर सांगता आलं नाही मला. बाप आहे मी, 'पोरगी गेली' एवढं एक वाक्य बोलायचं होतं, तेही नाही.

तसाच पुढे गोंदियाला गेलो. तिथे मोठ्या दवाखान्यात खिडकीवर नाव सांगितलं. रजिस्टर पाहून म्हणाले, बुधवारी नागपूरला पाठवलं. कशी होती? ते आम्ही सांगू शकत नाही, तुम्ही कोण लागता? मी कोण लागतो, चंचल? मी खिडकीवरून बाजूला झालो. उद्या नागपूरला जातो. तिथे दवाखाने किती आणि वॉर्ड किती ते मला माहीत नाही, पण नाव विचारत फिरीन. त्याआधी आज पुन्हा दरेकश्याला येऊन हे पाकीट तुमच्या दाराखालून सरकवणार आहे, म्हणजे घरी कोणीही आधी आलं तरी ते हाती लागेल. बैल गेला अन् झोपा केला, असं लोक म्हणतात ते हेच.

एक गोष्ट रविवारी लिहिली नाही. लिहिलं की दंडारीत वाजवायचो म्हणून त्या थापेचं मला माहीत होतं. त्या कॅसेटवरची ढोलकी माझीच आहे.

सत्तावीस वर्षांचा होतो. गोंदियातल्या त्या खोलीत हात समेवर उचलला गेला, तीनदा. मला कळलं नव्हतं. टेप ऐकल्यावर कॅसेटवाला शेठ सगळ्यांपुढे म्हणाला, "इस ढोलकीवाले को ताल की समझ नहीं है. इसका नाम मत डालो." दुसऱ्यांदा गायला अनुसयाबाईंचा आवाज उरला नव्हता, म्हणून गाणं तसंच गेलं. नाव गेलं नाही. मी परत आलो आणि ढोलकी माळ्यावर टाकली. उंदरांनी खाल्ली. एकतीस वर्षं मी ती माझी चूक समजत होतो. कॅसेट मात्र फेकवली नाही, पेटीच्या तळाशी ठेवली.

स्नेहलला ती सापडली तेव्हा तिने विचारलं, "बाबा, हे कोन वाजवते?" मी म्हटलं, कोन जाने. मग जानेवारीत, पाय उशीवर ठेवून, ते गाणं दहाव्यांदा लावून म्हणाली, "बाबा, तुमी वाजवत होते ना पहले? सांगा ना, हा इथं हात काऊन उचलते?"

मी म्हटलं, "वाजवणाऱ्याला वाजवता येत नसेल. झोप आता."

ती म्हणाली, "नाई बाबा. ह्याले येते."

एवढंच बोलली. मी दिवा घालवून बाहेर गेलो. माझ्या पोरीने जे दोन महिने शोधलं, ते माझ्या तोंडात होतं. तिला ती मजा हवी होती, जी मी नंतर आठ महिने तिच्या नावावर एकटा खाल्ली. आणि तुम्हाला काय लिहिलं? 'बाबांना विचारलं.' तिने विचारलं होतं. सांगितलं तुम्हाला.

हे मी कोणाला सांगणार होतो? लीलाबाईला सांगितलं तर ती माझी भाकरही बंद करेल, आणि बरोबर करेल. तू एकटीच आहेस जिला ते गाणं माझ्याइतकं ठाऊक आहे. तुझ्याशी एकदा माझ्या तोंडाने बोलायचं होतं. तू मला शिव्या दिल्या असत्या, मग पुन्हा तिसऱ्या अंतऱ्यावर आली असतीस. मला तुझा स्वभाव माहीत झाला आहे.

ग्रुपवर अजून काही लिहिलं नाही. आज सकाळी बंटीने विचारलं, 'स्नेहल आणि चंचल दोघी एकदम कुठे गायब झाल्या?' त्यावर लोकांनी हसरी तोंडं टाकली आहेत.

हे पत्र मनीरामजी, तुम्ही उघडलं असेल, किंवा चंचलच्या आईने कोणाकडून वाचून घेतलं असेल, तर ऐका. तुमच्या पोरीने गोळ्या माझ्यामुळे सोडल्या. तिच्यावर रागावू नका, तिला मैत्रिणीने सांगितलं असं वाटलं होतं, आणि ती मैत्रीण तेव्हा जिवंत नव्हती. माझं घर राईस मिलच्या मागे आहे, कोणीही दाखवेल. या, मारा, पोलिसात द्या, चार माणसांत उभं करा. मी कुठे जाणार नाही. दुर्पताबाईंनाही खरं सांगा, मला जमलं नाही.

एकच मागतो. चंचलचा फोन तुमच्याकडे असेल. त्यावर माझे निरोप येऊन पडलेले दिसतील, गोळ्या घे, गोळ्या घे म्हणून. दयेने, रागाने, कशानेही, तिच्या नावाने मला उत्तर पाठवू नका. 'मी बरी आहे' असं तर लिहूच नका.

मी ते खरं मानीन.

शालिकराम रंगारी
स्नेहलचा बाप